ओलं पोतं

जमिनीच्या पोटात काय आहे ते मला कळतं, असं मी छाती ठोकून सांगते. बावीस वर्षं घरोघरच्या अंगणात बोअर मारतेय. लोक मला बोअरवाली म्हणतात, आणि पाठीमागे आणखी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. आमचे हे कंप्रेसर सांभाळतात आणि तोंडातून अवाक्षर काढत नाहीत, त्यामुळे दोघांच्या वाटणीचं मलाच बोलावं लागतं.

रंगारीकाकांकडे गेले तेव्हाही मीच बोलत होते. काका घरच्या परसात कापड रंगवत. त्यांचा लाल रंग असा, की दहा वर्षं धुतलेलं कापड कालच आणल्यासारखं दिसायचं. लांबलांबचे व्यापारी त्या लालसाठी तागे पाठवायचे. पण दीड वर्षापूर्वी त्यांची उथळ विहीर आटली. टँकरवर घर कसंबसं चालतं, रंगकाम चालत नाही. त्यांची मुलगी दूरच्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर राहायची. एकट्या बापाचा तिला घोर लागला होता, म्हणून ती न्यायला आली होती. बापलेकीचं ठरलं होतं: तीनशे फुटांच्या आत पाणी लागलं तर काका इथेच राहणार, नाही तर संध्याकाळी पाचच्या टेम्पोत सामान चढणार.

"तीनशे कशाला, काका? एकशे सत्तरला पाणी देते," मी म्हटलं.

ही फुशारकी नव्हती. आदल्या दिवशी मी सगळी गल्ली पालथी घातली होती. त्या भागात वर वीस फूट माती आणि मुरूम, खाली काळा पाषाण. पाषाणात पाणी नसतं, पाषाणाच्या भेगेत असतं. उतारावर खालच्या घराला ती भेग दीडशे फुटांवर लागली होती, वरच्या घराला दोनशेवर. काकांचं घर त्या दोघांच्या मधे. हातच्या काकणाला आरसा कशाला?

सकाळी आठला काम सुरू झालं. दर दहा फुटांना वर येणाऱ्या चुऱ्याची एक मूठ घ्यायची आणि फळीवर ओळीने ढीग मांडायचे, ही आमची पद्धत. ते काम ह्यांचं. पहिले दोन ढीग तांबूस मातीचे, नंतर सगळे राखाडी. शंभर फुटांच्या सुमारास समोरच्या दाताच्या दवाखान्यातून डॉक्टर तणतणत आले. पांढरा कोट राखाडी झाला होता.

"पेशंटनी आ केला की तुमची धूळ आत जातेय!" ते ओरडले.

त्यांचंही बरोबर होतं. मी एक पोतं पाण्यात बुचकळून बोअरच्या तोंडाभोवती गुंडाळलं. धूळ बसली, डॉक्टर गेले, आणि मी काकांच्या मुलीला समजावत बसले की म्हाताऱ्या झाडाला कुंडीत लावून कसं चालत नाही. भलताच रंग चढला होता मला बोलायला. एकशे सत्तरला चुरा दमट आला, तेव्हा ह्यांनी तो मुठीत दाबला, त्याचा गोळा माझ्यासमोर धरला आणि भुवया उंचावल्या.

"पोत्याचा ओलावा आहे तो," मी म्हटलं. "चालू दे."

चार-पाच मिनिटांत चुरा पुन्हा कोरडा ठाक झाला. मग मी बोलायची थांबले. एकशे ऐंशी, दोनशे, अडीचशे. धूळ, नुसती धूळ. दोनच्या सुमारास तीनशे फूट भरले आणि ह्यांनी कंप्रेसर बंद केला.

मुलीने "मी सांगत होते ना" असं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी भांडले तरी असते. पण ती गुपचूप आत गेली आणि खोकी बांधायला लागली. चिकटपट्टी ओढल्याचा आवाज बाहेर यायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका फळीजवळ आले आणि एकेक ढीग बघत चालले. सतराव्या ढिगाशी थांबले, गोळा फोडला, आतली एक कपची उचलली, थुंकी लावून सदऱ्याच्या बाहीवर घासली. बाहीवर पिवळट तपकिरी रेघ उमटली.

"बाई, हा लोखंडाचा डाग आहे."

"दगडात असतं, काका, लोखंड."

"मग बाकीच्या ढिगांत का नाही? रंगाचा सत्यानाश करणारा डाग आहे हा. पन्नास वर्षं पातेल्यांच्या बुडातून घासून काढतोय. हा पाण्याने आणलेला गंज आहे. पाणी आल्याशिवाय तो इथे येत नाही."

मी कपची हातात घेतली. एक बाजू नुकतीच फुटलेली, काळी. दुसरी जुनी, गंजलेली. त्या बाजूवरून कित्येक वर्षं पाणी वाहिलं होतं. बावीस वर्षांत मी हे शंभर लोकांना शिकवलं असेल. चुरा पोत्यामुळे दमट झालाच नव्हता. भेग लागली होती. दमट चुऱ्याची लापशी होऊन ती हवेच्या जोराने बोअरच्या भिंतीवर थापली गेली, आणि मी भेगेवर स्वतःच्या हाताने गिलावा करून पुढे गेले. आमचे हे माझ्याकडे बघत होते. बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

मी तडक आत गेले. "ताई, खोकी थांबवा. चूक माझी आहे."

"तीनशेचा शब्द होता," ती म्हणाली.

"पाणी तीनशेच्या आतच आहे. मी त्याला झाकून ठेवलंय. पाचपर्यंत वेळ द्या. नाही आलं तर तुमचं सामान मी स्वतः चढवते."

तिने घड्याळाकडे बघितलं आणि चिकटपट्टी खाली ठेवली.

आम्ही बोअरच्या सळया वर ओढत एकशे सत्तरवर आणल्या. काकांच्या पिंपांत टँकरचं पाणी होतं, ते साबणाचा फेस करून बोअरमध्ये ओतलं. हवा सोडायची, थांबायचं, पुन्हा सोडायची. पहिल्या खेपेला राखाडी चिखल उडाला, दुसऱ्या खेपेलाही. सव्वाचारला पिंपं रिकामी झाली. आता आम्ही वरून काहीच ओतत नव्हतो, तरी खालून येतच होतं. आधी चिखल, मग गढूळ, मग फवारा छपराच्या वर गेला आणि दाताच्या दवाखान्यातले सगळे पेशंट खिडकीत आले. माझा जीव भांड्यात पडला. काका नखशिखांत भिजले होते आणि मुलगी हसत होती, रडतही होती.

"हरले मी, बाबा, हरले," ती म्हणाली. "राहा इथे."

पाणी निवळल्यावर काकांनी पेलाभर घेतलं, झाडाच्या सालीच्या तुरट काढ्यात भिजवलेली कापडाची चिंधी आणली आणि त्यात बुडवली. बघता बघता चिंधी करडी झाली, मग काळपट.

मला समजलं, पाण्यातच लोखंड होतं. "पिण्यासाठी गाळणी बसवून देते," मी म्हटलं. "घराला काही त्रास नाही."

"घराला नाही," काका म्हणाले. "पण गाळलं तरी जे उरेल, लाल रंग बिघडवायला तेवढं लोखंड पुरे. लाल गेला. पिवळाही गेला."

टेम्पो बरोबर पाचला आला. काका आत गेले आणि लाल-पिवळ्या रंगांच्या बरण्या एकेक करून आणू लागले. नदीकाठी त्यांचा जुना शिष्य रंगकाम करतो, त्याच्याकडे त्या पोचवा म्हणून त्यांनी टेम्पोवाल्याला सांगितलं. मुलगी दारात आडवी उभी राहिली.

"बाबा, पन्नास वर्षांचा तुमचा लाल! असा देऊन टाकताय? मग राहून काय करणार इथे?"

"काळा," काका म्हणाले. "लोखंडाच्या पाण्यात काळा असा उतरतो की बघत राहशील. तुझ्या तिसऱ्या मजल्यावर मला एकही रंग नव्हता, पोरी. इथे एक आहे."

ती बाजूला झाली. मग तिनेही एक बरणी उचलली आणि टेम्पोत नेऊन ठेवली.