फोरमनच्या हातचा पेढा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ज्ञानदेव कांबळे प्रेस-शॉपचा फोरमन होता. सकाळचा भोंगा व्हायच्या आधी तो शॉपच्या दारात डोळे मिटून उभा राही आणि मनाशी एकच गोष्ट ठरवी, की आज एकाही माणसाचं बोट प्रेसखाली जाऊ द्यायचं नाही. शिफ्ट सुटताना तो प्रत्येक मशीनशी थांबे, तिथल्या माणसाचं नाव घेऊन आज त्याच्या हातून काय चांगलं झालं ते सांगे आणि आभार मानी. कामगार गमतीनं म्हणायचे, चला, साहेबांची आरती झाली की सुटू. पण थट्टा करता करता सगळे थांबायचे, हेही तितकंच खरं.

असा हा माणूस खंडेनवमीला मात्र दरवर्षी 'आजारी' असायचा. त्या आजाराचं नाव सांगतो, ऐका.

खंडेनवमीला तिथं मशीनं धुऊनपुसून त्यांना हळदकुंकू लागायचं. सर्वांत जुना ऑपरेटर दत्तोबा नारळ फोडायचा. मग फोरमननं प्रत्येकाला दोन चांगले शब्द बोलून आपल्या हातानं पेढा द्यायचा, असा जुना रिवाज. ज्ञानदेव फोरमन झाला त्या वर्षी मॅनेजर अर्जुनरावांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, बसायला खुर्ची दिली, चहा पाजला. तुम्ही बौद्ध, पूजा काही तुमची नव्हे, माणसं खेड्यातली, उगाच कुणाचं मन कशाला दुखवायचं, त्यापेक्षा आजारपणाची भरपगारी रजा घ्या, असं गोड बोलून पटवलं. इथंच तर मेख आहे! शिवी दिली असती तर भांडता आलं असतं. रजा देणाऱ्याशी माणसानं भांडावं तरी कसं?

पंचाहत्तर साली पुन्हा तेच बोलावणं आलं. पूजा दत्तोबाच करतील, पण माझ्या माणसांचे आभार मानायला मला तिथं असायचंय, असं ज्ञानदेव या खेपेला म्हणाला. अर्जुनरावांचा आवाज तेव्हाही चढला नाही.

"कांबळे, ही खुर्ची तुम्हाला आम्ही दिली. थोडी जाण ठेवा."

जाण! ज्यानं रोज दुसऱ्यांचे आभार मानावेत, त्यालाच हे ऐकवायचं.

घरी आल्यावर कस्तुरा, त्याची बायको, घाबरून गेली. मांडीवर लहान पोर होतं. आणखी एक दिवस ताप आला म्हणून सांगा, एका पेढ्यापायी नोकरी घालवू नका, म्हणून ती विनवत राहिली. तिचं चुकलं असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या त्याच्या आईनं, चिमाबाईनं, सूप बाजूला ठेवलं.

"ज्ञानदेवा," ती म्हणाली, "मी जलमभर दारोदार वाकून आभार मानलं, तवा शिळी भाकर पदरात पडायची. ते आभार न्हवतं, भ्या होतं. तू ताठ मानेनं मानतुयास. तेवढं सोडू नगंस."

खंडेनवमीला तो गेला. नारळ फुटेपर्यंत बाजूला उभा राहिला आणि मग पेढ्यांचं ताट त्यानं उचललं. रांगेत पहिला दत्तोबा. "प्रेसच्या नव्या डायवर, त्या साच्यावर, सगळ्यांना तुम्ही शिकवलंत, दत्तोबा. तुमच्यामुळं शॉप चाललं," असं म्हणून त्यानं पेढा पुढं केला.

दत्तोबाचा हात उठला नाही. माणूस वाईट नव्हता हो! ज्ञानदेवच्या शब्दाखातर त्यानं कितीदा ओव्हरटाइम केला होता. पण मागं त्याच्याच गावचे चौघे उभे होते. पोरगी लग्नाची होती. संध्याकाळी गावात काय बोललं जाईल, हे त्याला दिसत होतं. त्याच्या मागचा दत्तोबाकडे बघत होता, आणि त्याच्याही मागचा आपल्या पुढच्याकडे. सगळेच अडकलेले.

"साहेब, टेबलावर ठिवा," दत्तोबा खाली बघून म्हणाला. "आमी घेतो की."

"काम तुम्ही केलंत, दत्तोबा. आभार टेबलाचे मानू का?"

अर्जुनराव जवळ आले आणि कानाशी म्हणाले, ताट ठेवा, नाहीतर उद्यापासून ही खुर्ची विसरा.

"खुर्ची तुमची, घेऊन टाका. ताट मी खाली ठेवणार नाही."

आणि तो रांगेतल्या दुसऱ्या माणसापुढं गेला. नाव घेतलं, त्याचं काम सांगितलं, आभार मानले, पेढा धरला, थांबला. मग त्याच्या मागचा. रांग संपली तेव्हा ताटातला एकही पेढा कमी झालेला नव्हता. कुणाची तिथून निघून जायची छाती झाली नाही, हात पुढं करायचीही नाही. दत्तोबाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण डोळ्यांतल्या पाण्यानं पेढा उचलला जात नाही.

दुसऱ्या दिवसापासून ज्ञानदेवला स्टोअरमध्ये बसवलं.

आता म्हणाल, अडाणी माणसं, जुना काळ. नाही! त्या रांगेतला प्रत्येकजण घरी जाऊन हेच म्हणाला, की पुढच्यानं घेतला असता तर मीही घेतला असता. हा पुढचा म्हणजे कोण? वाचकहो, आपणही त्याच रांगेत आहोत, आणि तुमच्यापुढं आता कुणीही उभं नाही. ताट तुमच्यासमोर आलंय. तो तुमचं नाव घेतोय.