टाचणी राहिली असेल तर

लग्नानंतर अकरा वर्षांनी ताईला मुलगी झाली, आणि सख्ख्या मावशीनं, जिच्या हातचं शिवलेलं अख्खी गल्ली घालते, तिनं भाचीला साधं झबलं शिवून देऊ नये? ताई रुसली. रुसणारच!

झबलं केव्हाच शिवून झालं होतं हो. पण ‘टाचणी राहिली असेल तर?’ हे एकदा डोक्यात शिरलं की मावशी शिवण न् शिवण चाचपायची, उसवायची, पुन्हा शिवायची. बाळाला तर तिनं अजून हातही लावला नव्हता. न जाणो, आपल्याच कपड्यांत एखादी अडकलेली असायची.

शेवटी ती समुपदेशक बाईंकडे गेली. त्यांनी सांगितलं, कपडा एकदाच तपासायचा, दुसऱ्यांदा हात लावायचा नाही. जीव कासावीस झाला की डोळे मिटून श्वासाकडे बघायचं. पंधरा दिवसांनी मावशी ऐटीत सांगायला हजर. “रोज दोन तास बसते.”

“दोन तास?”

“वीस श्वास नीट व्हायला हवेत ना! मध्ये टाचणी आठवली की परत पहिल्यापासून.”

बाईंना हसू आवरेना. “अहो, तुम्ही श्वाससुद्धा उसवायला लागलात!”

मावशीला आधी राग आला, मग हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडली.

“विचार जायची वाट बघू नका,” बाई म्हणाल्या. “आला, बसला, बसू द्या त्याला. तुम्ही उठा.”

दुसऱ्या दिवशी एकदाच तपासलेलं झबलं घेऊन ती ताईकडे गेली. विचार सोबत होताच, नुसता थयथयाट करत. दारातच तिनं ताईला सगळं सांगून टाकलं. ताईचा रुसवा कुठल्या कुठे पळाला.

“एवढंच ना? थांब, मी चाचपून सांगते, काही नाहीये म्हणून.”

तेवढ्या एका वाक्यासाठी मावशीचा जीव आसुसला होता.

“नको, ताई. बघू नकोस. सांगूही नकोस. घाल तिला.”

बाहीत हात घालताना बाळानं भोकाड पसरलं. मावशीचे हात शिवणीकडे धावले आणि अर्ध्यावर थांबले. असेल, नसेल. छाती धडधडत होती. ‘धडधडू दे,’ मावशी स्वतःशीच म्हणाली. मग तिनं भाचीला पहिल्यांदाच उचललं आणि उराशी घट्ट, अगदी घट्ट धरलं.