टिंबांतले काका

बाबा गेले तेव्हा आईला एकच घोर होता. दुखवट्याचा मांडव रिकामा दिसता कामा नये. अख्ख्या मन्सूरा गावात कुणीही मरो, बाबा तिथे जाऊन कडू कॉफी पिऊन यायचे. आता लोकांची पाळी होती.

पेपरातली बातमी वगदीनं लिहिली. वगदी माझा थोरला भाऊ, कॉलेजात गणित शिकवतो. तो रडत नव्हता, जेवत नव्हता. कागद पुढे केला की लिहीत होता. आमच्याकडे मेलेला माणूस दोन ओळींत उरकतो, पुढचा अख्खा रकाना नातेवाइकांचा, हुद्द्यांसकट. बाबांना सात भाऊ. वगदीनं लिहिलं, ‘अब्दुत्तव्वाब, …, शुक्री यांचे बंधू’. खाली ‘भ-१, …, भ-न यांचे मामा’. पेपरवाल्यांनी इमानदारीत तसंच छापलं.

आईनं विचारलं, ही टिंबं कोण?

“मधले काका,” वगदी म्हणाला. “पहिला आणि शेवटचा दिला की मधले कळतात.”

“बशीर काका पोलिसात एवढा मोठा साहेब होता. तो टिंबातून कळेल?”

संध्याकाळी मांडवात कुराण म्हणणारे शेख आले. मी आणि वगदी दाराशी उभे, येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात हातात घ्यायला. पहिल्या रांगेत अब्दुत्तव्वाब आणि शुक्री काका दोघंच, शुक्री काका खुशीत. जन्मात पहिल्यांदा त्यांचं नाव बशीरना वगळून छापलं गेलं होतं.

मग मधले पाचही काका एकदम आले. बगलेत पेपर, मागे मुलं, जावई, साक्षीला शेजारी. बसायला नाही, जाब विचारायला.

“टिंबं तीन, आम्ही पाच,” बशीर काका म्हणाले. “दोघांना कुणी मारलं रे, मास्तर?”

वगदीनं वर्गातल्या आवाजात सांगितलं की तीन टिंबांत कितीही मावतात. तेवढ्यात भाच्यांमध्ये ‘न’ कोण यावरून जुंपली. समोरच्या कॉफीवाल्याची सगळी गिऱ्हाइकं तमाशा बघायला आत शिरली.

आणि शेखसाहेबांनी पठण सुरू केलं.

पठण चालू असताना मांडवातून उठून जायचं नसतं. शिव्या तोंडात धरून सगळे बसले. खुर्च्या कमी पडल्या, कॉफीवाल्याकडून आणाव्या लागल्या. कडू कॉफी फिरली.

पठण संपल्यावर जो तो वगदीचा हात दाबून, ‘त्यांचं उरलेलं आयुष्य तुला लागो’ म्हणत गेला. बशीर काकांनी जरा जोरातच दाबला.

आईनं गच्चीवरून विचारलं, भरला का? मी म्हटलं, खुर्च्या पुरल्या नाहीत.

“मग चाळिसाव्या दिवसाची बातमी पण वगदीच लिहील,” ती म्हणाली.

वगदी ‘बरं’ म्हणाला. मांडववाले कनाती सोडायला लागले तरी तो दाराशीच उभा होता, हात पुढे करून.