मेलेल्या अंजिराची मुळं

महापालिकेच्या वृक्ष विभागातल्या लोकांनो, तुम्ही खोटं लिहिलंत. ‘झाड पूर्णतः मृत’ असा शेरा मारून आमच्या इमारतीमागचं अंजिराचं झाड पाडलंत, मशीन लावून बुंधा उपटलात, आणि ती जागा सिमेंटने बंद होणार अशी नोटीस डकवलीत. तुमची माणसं फांद्या गाडीत फेकत होती तेव्हा त्यांतून पांढरा चीक गळत होता. माझ्या हाताला लागला, दोन दिवस खाजत होतं. मेलेलं झाड चीक गाळतं का?

मी हरकत लिहून दिली. तुमचे साहेब खुर्चीतून हललेही नाहीत. "झाड जिवंत होतं याचा पुरावा आणा, बाई. सहा आठवड्यांनी सुनावणी आहे. पुरावा नाही आला तर दुसऱ्या दिवशी सिमेंट पडेल," म्हणाले, आणि कारकुनाकडे बघून हसले. ते हसू माझ्या डोक्यात गेलं.

मी कपडे शिवते. झाडांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण पेन्सिलीएवढ्या जाड चौदा फांद्या मी त्या दिवशीच गाडीजवळून उचलून आणल्या होत्या, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. टेप लावून प्रत्येक काडी वीत-वीतभर कापली, दोन्ही टोकं सरळ, कापडासारखी. पारदर्शक ग्लास, तळाला भोकं, नारळाच्या काथ्याचा ओला भुसा, वरून पिशवी. शिलाई मशीनजवळच्या खिडकीत रांग लावली.

नणंद नर्स आहे. ड्युटीवरून आली आणि ग्लासांसमोर उभी राहिली.

"वहिनी, यांचं डोकं कुठलं आणि पाय कुठले?"

"म्हणजे?"

"झाडावर असताना कुठलं टोक वर होतं?"

मी एक काडी उलटसुलट करून पाहिली. दोन्ही टोकं सारखी कापून मीच ओळख पुसली होती. मग दोघींनी भिंगातून पाहिलं. प्रत्येक कळीखाली गळलेल्या पानाचा व्रण असतो. कळी वर, व्रण खाली. चौदापैकी आठ उलट्या लावल्या होत्या.

"आठ जणांना शीर्षासन करायला लावलंस गं!" ती हसून हसून जमिनीवर बसली. मला रडू येत होतं, तरी मीही हसले. आठही काढून सरळ केल्या, खालचं टोक तिरकं कापलं, पुन्हा चूक नको म्हणून.

तिसऱ्या आठवड्यात एका काडीला पान आलं. मी जिन्यात भेटेल त्याला धरून आणून दाखवलं. चौथ्या दिवशी पानाने मान टाकली. उपसून पाहिलं तर खाली एकही मूळ नाही. काडीने पोटातली शिल्लक पानावर उधळली होती. मग माझा धीरच सुटला. रोज एकेक काडी उपसून बघायला लागले, पाणीही हात सैल सोडून घालायला लागले. दहा काळ्या पडून सडल्या.

नणंदेने उरलेल्या चार ग्लासांच्या पिशव्यांना दवाखान्याची चिकटपट्टी मारली.

"जखमेचं ड्रेसिंग तासातासाला उघडलं तर जखम भरेल का? आता हात लावलास तर तुझ्या बोटांनाही हीच पट्टी मारीन."

"आणि वाळल्या तर?"

"पिशवीला आतून थेंब दिसतायत ना? मग त्यांना पाणी पुरतंय. तू शिवण कर."

मी शिवण केली. सुनावणीला पाच दिवस उरले असताना ग्लासाच्या भिंतीला आतून एक पांढरा दोरा टेकलेला दिसला. माझ्या कामातला दोरा उडून पडला असेल म्हणून पुसायला गेले. पुसला जाईना. मी अशी ओरडले की नणंद साबणाच्या हातांनी धावत आली.

चारपैकी तीन काड्यांना मुळं फुटली होती. तिन्ही ग्लास मी तुमच्या साहेबांच्या टेबलावर मांडले, फांद्या उचलताना इमारतीतल्या एका मुलाने मोबाइलवर काढलेला फोटो शेजारी ठेवला. त्यात तुमची गाडी आहे, तिचा नंबर आहे, माझ्या हातात फांद्या आहेत. साहेबांनी ग्लास उजेडाकडे धरून फिरवला. कारकून उठून आला, मागून शिपाईही वाकला. कोणी हसलं नाही.

सिमेंट रद्द झालं. त्या जागेत माझ्या तीन रोपांना परवानगी मिळाली, शिक्क्यासकट. तो कागद मी जिन्यात मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा.

पण माझं काम संपलेलं नाही. झाडाजवळ न जाता, एक फांदीही मोडून न बघता ‘पूर्णतः मृत’ हे कोणी लिहिलं? नाव आणि हुद्दा लेखी द्या. मी वाट बघते आहे.