वेस्टेज धरून

कुठल्याही घरात शिरलो की मी आधी खाली बघतो. समोरचा माणूस 'या, बसा' म्हणत असतो आणि मी त्याच्या फरशीचे सांधे बघत असतो. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बायकोनं मला त्यावरून सुनावलं होतं. "अहो, माझ्या माहेरी सगळ्यांना वाटतंय की जावई फार लाजाळू आहे." लाजाळू कसला, सासऱ्यांच्या न्हाणीघराचा उतार दाराकडे काढला होता आणि ते मला बघवत नव्हतं.

तीस वर्षं मी फरश्या बसवतोय. गावात असताना हाताखाली सहा माणसं होती. तिथे कोणी 'मिस्त्री' अशी हाक मारली की मीच वळून बघायचो. बायको नर्स आहे. बारा वर्षांपूर्वी तिची बदली मोठ्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात झाली. बसनं सात तास लागतात. तिला तिथे क्वार्टर मिळालं, मुलगी तिच्याबरोबर गेली, शिकली, लग्न करून आणखी लांब गेली. मी गावातच राहिलो. वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न आहे, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. मग तो विषय काढणंच सोडून दिलं.

खरं सांगायचं तर मला कोणी अडवलं नव्हतं. पण तिथे मला कोण ओळखणार? इथला मिस्त्री तिथे जाऊन कुणाच्या तरी हाताखाली सिमेंट कालवणार, आणि राहणार बायकोच्या क्वार्टरमध्ये. हे माझ्या पचनी पडत नव्हतं. म्हणून मी वर्षातून चार-पाच वेळा दोन दिवसांसाठी जायचो. बॅग पलंगाखाली सरकवायचो, लागेल तसा एकेक कपडा त्यातून काढायचो आणि परत निघायचो. तिच्या स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या फरश्या पोकळ वाजायच्या. दरवेळी मी त्या बोटानं ठोकून बघायचो आणि ती म्हणायची, "राहू द्या, सरकारी आहेत." मीही राहू द्यायचो. फरशी बसवली की दोन दिवस तिच्यावर पाय ठेवायचा नसतो, आणि माझ्याकडे दोनच दिवस असायचे.

एरवी आमचा फोन रोज व्हायचा. "जेवलात?" "जेवलो. तू?" "जेवले. गॅस बंद केलात?" "केला." एवढ्यात संपायचा. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून असायचो. काहीतरी सांगायचं राहिलंय असं वाटायचं, पण काय ते सापडायचं नाही.

गेल्या वर्षी ज्या कंपनीचं काम करत होतो, तिला बायकोच्याच शहरात मोठं काम मिळालं. कंपनीला फरशीकामावर सुपरवायझर हवा होता. इंजिनिअर माझ्या मुलीच्या वयाची. ती म्हणाली, "मामा, तुम्हीच या. फक्त एक लेखी परीक्षा आहे. दहावीपर्यंतचं गणित. बीजगणित, भूमिती, तर्क, संभाव्यता."

"मी नववीत शाळा सोडली."

"तुम्हाला काम येतं हे मला माहीत आहे हो. पण कागदाला माहीत नाही ना."

बायकोला फोनवर हे सांगितलं आणि म्हटलं, पास झालो तर तिकडेच येतो. चार दिवसांनी पोस्टानं एक जाडजूड उजळणीचं पुस्तक आलं. "दोन घेतली," ती म्हणाली. "एक माझ्याजवळ आहे. उद्या साडेचारला पान एक उघडून बसा." शाळेत तिचं गणित पक्कं होतं, हे मला लग्नाच्या बोलणीत सांगितलं होतं. त्याचा एवढ्या वर्षांनी प्रत्यय येईल असं वाटलं नव्हतं.

मग रोज साडेचारला काम थांबवून मी अर्धवट बसवलेल्या खोलीत बादली उपडी घालून बसायचो. फोन सिमेंटच्या गोणीला टेकवून ठेवायचा. तिकडे ती ड्यूटीवरून येऊन स्वयंपाकघरात बसलेली असायची. चमचा कपावर वाजलेला ऐकू यायचा.

"क्ष म्हणजे जे आपल्याला माहीत नाही ते," ती म्हणाली.

"मग ज्याला माहीत आहे त्याला विचारायचं. एवढा घोळ कशाला?"

"अहो, त्याला फोन नाही. क्ष काढा."

बीजगणितात तिनं माझ्यापुढे हात टेकले होते, पण भूमितीत मी भाव खाल्ला. कोपरा काटकोनात आहे की नाही ते बघायला आम्ही एका भिंतीवर तीन फुटांवर खूण करतो, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये दोरी ताणतो. दोरी बरोबर पाच फूट भरली की कोपरा खरा. ते कुण्या पायथागोरसचं आहे हे मला पन्नाशीत कळलं. "बघ, मी इतकी वर्षं त्याचंच काम करतोय," मी म्हटलं. ती हसली. ती हसलेली मी कितीतरी दिवसांनी ऐकली.

एकाच गोष्टीवरून आमचं रोज वाजायचं. खोली सहा मीटर बाय साडेचार मीटर, फरशी तीस सेंटिमीटर चौरस, किती फरश्या लागतील? मी लिहायचो तीनशे तीस.

"तीनशे," ती म्हणायची.

"आणि वेस्टेज? कडेला कापाव्या लागतात, दोन-चार फुटतात. दहा टक्के जास्त धरावेच लागतात."

"प्रश्नात कुठे फुटली आहे फरशी?"

"प्रश्न काढणाऱ्यानं कधी आणली असेल तर फुटेल ना."

"तुम्हाला पास व्हायचंय की त्याला शिकवायचंय?"

मी खोडून तीनशे करायचो, पण ते मनाला लागायचं.

संभाव्यतेच्या प्रकरणात पिशवीतले लाल-निळे चेंडू होते. ती म्हणाली, "चेंडू राहू द्यात. माझी साप्ताहिक सुट्टी कुठल्याही वारी येते. तुमची रविवारी. दोन्ही एकाच दिवशी येण्याची संभाव्यता किती?"

"सातात एक."

"बरोबर. आणि त्या एका रविवारी दुसरी नर्स दांडी मारणार नाही, याची निम्मी धरा."

"चौदात एक," मी म्हटलं. मला फार आनंद झाला होता, उत्तर झटक्यात आलं म्हणून. मग मी हिशेब केला. चौदात एक रविवार म्हणजे वर्षाचे चार. बारा वर्षं आम्ही नेमके तेवढ्यावर काढले होते, आणि ते आज कागदावर आलं होतं. मला तिची आठवण आली, ती फोनवर असतानाच आली. मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "हं. पुढचं उदाहरण घ्या."

तर्काचं प्रकरण शेवटचं. "जर पाऊस पडला, तर अंगण ओलं होतं. अंगण ओलं आहे. म्हणून पाऊस पडला, हे बरोबर?"

"चूक. कोणीतरी धुतलं असेल."

"शाब्बास. आता पान एकशे बारा, तिसरं उदाहरण. जर घंटा वाजली, तर मुलं वर्गाबाहेर येतात. घंटा वाजली नाही. मुलं बाहेर येतील का?"

"नाही येणार."

"चूक. सांगता येत नाही."

"घंटाच नाही तर कशाला येतील?"

"बाई आजारी असतील. मुलांना कंटाळा आला असेल. घंटा वाजली तर काय, एवढंच वाक्य सांगतं. नाही वाजली तर काय, यावर ते काही बोलत नाही."

हे उदाहरण माझं शेवटपर्यंत चुकत राहिलं. दरवेळी ती तेच सांगायची, आणि दरवेळी जरा थांबून विचारायची, "कळलं का?" मी उगीच 'हो' म्हणायचो.

परीक्षेत फरशीचा प्रश्न आला. पाच मार्कांचा, फक्त आकडे वेगळे. मी पुस्तकातलं उत्तर लिहिलं. मग बघत बसलो. एवढाच माल मागवला तर शेवटची ओळ उघडी राहणार, कामगार बसून राहणार, आणि मी म्हणे सुपरवायझर. हात ऐकेना. खोडलं, दहा टक्के वाढवले, खाली लिहिलं 'वेस्टेज धरून'.

पासाला पन्नास हवे होते. मला सत्तेचाळीस पडले.

"मामा, असं का लिहिलंत?" माझा पेपर बघून इंजिनिअर कळवळून म्हणाली. "काम तसंच करतात, पण उत्तरपत्रिका मशीन तपासतं, ते फक्त आकडा बघतं. पुढच्या वर्षी पुन्हा बसा."

साडेचारला मी त्याच बादलीवर बसून फोन लावला. कारण सांगितलं. ती रागावेल म्हणून तयारीत होतो, पण ती रागावली नाही.

"पुढच्या वर्षी नक्की," मी म्हटलं. "एका वर्षाचाच प्रश्न आहे."

तिकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "पान एकशे बारा उघडा."

"अगं, परीक्षा झाली."

"उघडा. तिसरं उदाहरण."

"जर घंटा वाजली, तर..."

"घंटा राहू द्यात. जर तुम्ही पास झालात, तर तुम्ही इकडे येणार. असंच म्हणाला होतात ना?"

"हो."

"पास झाला नाहीत. मग येणार की नाही?"

मी ते उदाहरण पुन्हा वाचलं. मग म्हणालो, "सांगता येत नाही."

"आलं एकदाचं," ती म्हणाली. "मला बारा वर्षं झाली वाट बघून, अहो. मला सुपरवायझर नको होता." आणि ड्यूटी नसतानाही ड्यूटी आहे म्हणून तिनं फोन ठेवला.

माणसांची कामं लावून द्यायला मला नऊ दिवस लागले. त्यातला सगळ्यात धाकटा कारागीर आता मिस्त्री आहे. दहाव्या दिवशी मी बसमध्ये बसलो, पायाशी थापी, लेव्हल, रबरी हातोडी. शहरात रोजंदारीवर काम मिळालं. माझा मुकादम अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि त्याला उतार काढता येत नाही. मी मूग गिळून बसतो. अगदीच बघवेना झालं तर रात्रीच्या जेवणाला बायकोला सांगतो.

पहिल्या आठवड्यात मी तिच्या ओट्याजवळची फरशी ठोकली. या वेळी ती 'राहू द्या' म्हणाली नाही.

"सरकारी आहे ना? परवानगी लागेल," मी म्हटलं.

"घेतली आहे."

"कधी?"

"तुम्ही पेपरला बसला होतात, त्या दिवशी."

सगळीच फरशी बदलायचं ठरलं. स्वयंपाकघर आठ फूट बाय सहा फूट, फरशी एक फुटाची. मी त्रेपन्न आणल्या. तिनं दारात उभं राहून मोजल्या. "पुस्तकाप्रमाणे अठ्ठेचाळीस," ती म्हणाली. मी कामाला लागलो. एक नळाच्या पाइपाशी कापताना फुटली, एक कोपऱ्याच्या कापण्यात वाया गेली. दोन दिवस आम्ही बाहेरच्या खोलीत शेगडी मांडून जेवलो आणि दारातून ओल्या फरशीकडे बघत राहिलो.

"तीन उरल्या," तिसऱ्या दिवशी ती म्हणाली. "ह्यांचं काय करायचं?"

"ठेवून दे. पुढेमागे एखादी फुटली तर बदलायला होतील."

"बदलणार कोण?"

"मी."

ती पलंगापाशी जाऊन खाली वाकली. माझी बॅग ओढून बाहेर काढली, आतले कपडे एकेक करून कपाटात लावले, आणि रिकाम्या झालेल्या जागेत त्या तीन फरश्या सरकवून ठेवल्या.