‘नेसन्ट’चं कार्ड

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम होता: ज्यानं शब्दाचं कार्ड सुरू केलं, त्यानंच ते संपवायचं. एका कार्डावर दोघांचं अक्षर दिसलं की संपादकांचं डोकं फिरायचं. तिथले जुने मास्तर मात्र ‘नेसन्ट’चं कार्ड अर्धवट टाकून वारले, तेही थेट खुर्चीतच. अर्थ लिहून झाला होता: नुकतं कुठे आकार घेऊ लागलेलं. पुढे वापराच्या वाक्यात एकच शब्द: ‘तिच्या’.

त्यांच्या जागी आलेल्या मुलीच्या गळ्यात ते कार्ड पडलं.

“शनिवारी ‘एन’ अक्षराचा भाग छापायला गेला तर तुझी नोकरी पक्की,” संपादक म्हणाले. “नाहीतर तू मोकळी.”

“पण सर, नियम?”

“मास्तरांसारखं अक्षर काढ. ते काय तक्रार करायला येणारेत?”

सोमवारी तिनं पेन्सिलीनं लिहिलं: ‘तिच्या गावात हा धंदा नेसन्ट अवस्थेत आहे.’ मंगळवारी सकाळी कुलूप उघडून बघते तर वाक्य खोडलेलं, खोडरबराचा भुगा कोपऱ्यात नीट गोळा केलेला, आणि ‘तिच्या’पुढे शाईत ‘अंगात’. अक्षर मास्तरांचं.

ती धावतच संपादकांकडे गेली. त्यांनी कार्ड उजेडात धरलं.

“दिवसाला एक शब्द? जिवंतपणी एवढा उरक नव्हता हो त्यांना!”

बुधवारी ‘माझं’ आलं. गुरुवारी ‘भूत’. त्या दिवशी तिला डबा गेला नाही. शुक्रवारी ‘अजून’.

शनिवारी नवा शब्द नव्हता; वाक्य ‘तिच्या अंगात माझं भूत अजून’ इथंच अडलं होतं. छापखान्याचा माणूस दारात उभा होता, आणि वाक्य पुरं करणं तिच्यावरच आलं. तिनं घाईघाईनं पेन्सिलीनं लिहिलं: ‘नेसन्टसुद्धा नाही.’

“छे!” संपादकांनी ते खोडलं. “नाही म्हटल्यावर वाचणाऱ्याला वापर काय कळणार, डोंबल? सरळ लिही.”

“सर, पण हे माझ्याबद्दल आहे.”

“मग तर उदाहरण अस्सल. नोकरी हवीय ना?”

हवी होती. तिनं शाईत लिहिलं: ‘नेसन्ट अवस्थेत आहे.’ अक्षर मुद्दाम वळवावंच लागलं नाही. संपादकांनी भिंग लावून पाहिलं, एकाच हातचं, आणि खूश होऊन नेमणुकीचा कागद पुढे केला.

तिनं आपलं नाव लिहायला घेतलं. हात आपला चालला, थांबेना. कागदावर मास्तरांची सही उमटली.

संपादकांनी ती टिपकागदानं टिपली.

“बरं झालं,” ते म्हणाले. “या सहीचा नमुना आमच्याकडे आहेच.”