चौदा एप्रिल, वॉशिंग्टन

लिंकन काय चालत्या गाडीच्या खिडकीतून बघायची गोष्ट आहे? स्टेट कॉलेज या आमच्या गावाहून पहाटे निघून वॉशिंग्टन गाठायचं, आणि ज्याच्यासाठी आलो तो खिडकीतून सर्रकन मागे गेला की म्हणायचं, "अगं, दिसला की!" यामिनी अगदी हेच म्हणाली. वर म्हणते, "आत तरी काय आहे, नुसता पुतळा. पोस्टकार्ड घे ना एखादं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ही ट्रिप मुळात माझी. मी ठरवली, तारीखही मीच काढली. शहाण्णव साली चौदा एप्रिल रविवारी आला होता. आमच्या नागपुरात त्या दिवशी पहाटेपासून वस्ती जागी असते, पांढरे कपडे, निळे झेंडे, विहारात पाय ठेवायला जागा नाही. आणि मी पेनसिल्व्हेनियात, लॅबमध्ये टेस्ट ट्यूब धुवत. पप्पा म्युनिसिपालिटीच्या शाळेत इतिहास शिकवतात. दर वर्षी पोरांना लिंकन शिकवतात, फळ्यावर त्याच्या वॉशिंग्टनमधल्या स्मारकाच्या पायऱ्यांचं चित्र काढतात. एअरपोर्टवर त्यांनी त्यांच्या टेबलावरचा बाबासाहेबांचा छोटा फ्रेमचा फोटो माझ्या हातात दिला. म्हणाले, "बाबासाहेब तिकडे शिकत होते तेव्हा ते स्मारक बांधणं चालू होतं बेटा. पुरं झालेलं पाहिलं की नाही, देव जाणे." मग स्वतःच हसले, "बघ, देव जाणे म्हणतोय मी! तू घेऊन जा त्यांना. जयंतीला जा. आणि एक फोटो काढून पाठव, विहारात लावतो."

बस, एवढंच काम होतं. एक फोटो.

पण गाडी चालवायला लायसन्स फक्त सत्यजितकडे. सत्यजित पुण्याचा, आणि चार माणसं जमली की आपोआप पुढारी होणारा. पहिल्याच भेटीत त्याने मला विचारलं होतं, "गजभिये म्हणजे नेमके कोण?" मी सांगितलं. "अच्छा, अच्छा," म्हणाला आणि एकदम हवेबद्दल बोलायला लागला. त्याच्यासोबत मुंबईची यामिनी, आणि सांगलीचा पुरुषोत्तम, जो सगळ्याला मान हलवतो.

सकाळी गाडीत बसतानाच मी स्पष्ट सांगितलं. आज जयंती आहे, मला लिंकन मेमोरियलला जायचंय, बाकी काही नाही पाहिलं तरी चालेल.

"अरे हो, चौदा एप्रिल!" सत्यजित म्हणाला. "सुट्टी असायची ना! आम्ही दिवसभर क्रिकेट खेळायचो यार."

"आम्ही नाही खेळायचो," मी म्हटलं. तो आरशात बघून भांग नीट करत होता.

मग काय, आधी चेरीची फुलं. निम्मी गळून चिखलात पडलेली, तरी यांना प्रत्येक झाडाखाली फोटो हवा. कॅमेरा कोणाचा? माझा. आईबाबांना पाठवायला एक, मामाला पाठवायला एक, यामिनीचा केस मोकळे सोडून एक, सत्यजितचा गॉगल लावून एक, गॉगल काढून एक. तिथल्या गाड्यावर कॅमेऱ्याचे रोल विकायला होते. मी म्हटलं, एक घ्या रे. "कशाला, तुझा आहे की," सत्यजित म्हणाला. मी निमूट फोटो काढत गेले आणि शेवटचा उरला तेव्हा कॅमेरा पर्समध्ये घातला. "हा माझा," म्हटलं. सगळ्यांनी ऐकलं.

मग विमानांचं म्युझियम. तिथे पुरुषोत्तम एका इंजिनापुढून हलेचना. आणि बाहेर येतो तोवर सत्यजितला मेरीलँडचं देऊळ आठवलं. आपली माणसं! जगाच्या पाठीवर कुठेही न्या, सहलीच्या शेवटी देऊळ पाहिजेच. त्यात या देवळाच्या तळघरात रविवारी इडली-सांबार मिळतं, तेही दुपारपर्यंतच. स्टेट कॉलेजमध्ये इडलीचं स्वप्नसुद्धा पडत नाही, हे मला मान्य. भूक मलाही लागली होती. पण म्हणून?

"इतक्या लांब आलोय, दर्शन नको का घ्यायला?" यामिनी म्हणाली.

"मला घ्यायचंय ते इथे आहे," मी म्हटलं.

"मेजॉरिटीने ठरवू ना," सत्यजित म्हणाला. पुरुषोत्तमने मान हलवली. झालं! तिघं एका बाजूला. "लिंकन कुठे पळून चाललाय? पुढच्या वर्षी करू, प्रॉमिस."

आणि मग खिडकीतून तो पांढरा दगड सर्रकन मागे गेला, यामिनी म्हणाली पोस्टकार्ड घे, आणि पुढे सिग्नल लाल झाला. मी दार उघडलं आणि उतरले.

"ए! वेडी आहेस का? परत कशी येणार?" सत्यजित ओरडला.

"बसने येईन, चालत येईन, तू इडली खा!" म्हटलं आणि दार आपटलं. मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या. मारू देत.

चालताना मी रडत होते, रागाने. भुकेने पोटात कावळे ओरडत होते आणि पांढऱ्या कुडत्यावर यामिनीने सांडलेल्या कोकचा डाग होता. पायऱ्या चढून वर गेले. शाळेच्या फळ्यावर पप्पा काढतात त्यापेक्षा कितीतरी जास्त पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर ओढणीने जागा पुसली, बाबासाहेबांची फ्रेम ठेवली, तोंड समोरच्या लांबलचक तळ्याच्या बाजूला. हात जोडले आणि त्रिशरण-पंचशील म्हटलं, मोठ्याने. येणारेजाणारे वळसा घालून जात होते. कोणी हसलं नाही.

डोळे उघडले तर ही तिघं धापा टाकत वर येत होती.

क्षणभर, खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. वाटलं, आली बाई माझ्यासाठी.

"कॅमेरा तुझ्याकडे राहिला," सत्यजित म्हणाला. "आमचे सगळे फोटो आहेत त्यात. तू बसने गेलीस आणि कॅमेरा हरवला तर? इडली पण गेली तुझ्यापायी." मग कमरेवर हात ठेवून त्याने इकडेतिकडे पाहिलं. "पण जागा भारी आहे यार. एक उरलाय ना? चला, ग्रुप काढू. कोणालातरी क्लिक करायला सांगू." आणि खाली वाकून फ्रेमकडे हात नेत म्हणाला, "हे जरा बाजूला ठेवतो."

"हात लावू नकोस."

मी एवढ्या जोरात बोलले असेन की वर उभा असलेला गार्डसुद्धा वळला. सत्यजितने हात मागे घेतला.

"बाजूला तुम्ही व्हा," मी म्हटलं. "तिघंही. अजून. अजून मागे. त्या खांबाच्या पलीकडे." यामिनी काही बोलायला गेली. "तूसुद्धा." मग कॅमेरा काढून सत्यजितच्या हातात दिला. "आणि फोटो तू काढायचास. खाली जाऊन काढ. सगळ्या पायऱ्या आल्या पाहिजेत."

तो गेला. पुरुषोत्तमने या वेळी मान हलवली नाही, खाली घातली. मी फ्रेम छातीशी धरून उभी राहिले. पायऱ्या मावेनात म्हणून सत्यजितला शेवटी खाली गुडघ्यावर बसावं लागलं.

"जरा हस की!" तो खालून ओरडला.

"नाही हसणार. काढ."

विहारात लावलेल्या त्या फोटोत माझ्या कपाळाला आठ्या आहेत आणि कुडत्यावर डाग आहे. पप्पांनी फोनवर एकदाही विचारलं नाही की बेटा, चिडली का होतीस. एवढंच म्हणाले, "बाबासाहेब अगदी स्पष्ट आलेत."